प्रकाश असतो तेव्हा गाडी थांबलेली हवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुलैत पुण्याहून अ‍ॅडलेडला मुलीकडे यायचं, तिथून भाड्याच्या गाडीने स्टुअर्ट हायवेवरून मध्य ऑस्ट्रेलियातला उलुरू हा खडक गाठायचा आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून विमानाने परतायचं. हातात बारा दिवस. जवळ २४-१०५ एमएम (रुंद दृश्यांसाठी) आणि १५०-६०० एमएम (दूरच्या प्राण्यांसाठी) अशा दोन लेन्स. ताडोब्याची सवय आहे, आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड भाग, पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी पहाटे चारला निघून थेट कूबर पीडी गाठायचं ठरवलंय. आणखी एखादी लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

लेन्स पुरेशा आहेत. बदलायचा आहे तो बेत.

मी अ‍ॅडलेडला चौदा वर्षं राहते आणि जवळजवळ दर हिवाळ्यात या रस्त्याला जाते. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच आखणी करायचे: किलोमीटर मोजायचे, मुक्काम ठरवायचे आणि मधे जे दिसेल ते टिपायचं. दुसऱ्या वर्षी फ्लिंडर्सच्या डोंगरांतल्या विल्पेनाला सूर्योदय मिळावा म्हणून जवळच्या हॉकर गावाहून पहाटे अंधारात निघाले आणि वाटेत एक कांगारू गाडीखाली आला. रेडिएटर फुटला, मी वाचले, तो वाचला नाही. उजाडेपर्यंत मी त्याच्या शेजारी रस्त्याकडेला बसून होते, आणि ज्या प्रकाशासाठी निघाले होते तो समोरच्या डोंगरावर येऊन गेला. तेव्हापासून एकच नियम पाळते. प्रकाश चांगला असतो त्या दोन वेळी, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, गाडी थांबलेली असली पाहिजे. कांगारू, युरो (डोंगरी कांगारू) आणि इमू याच वेळी रस्त्यावर येतात. अनेक भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात, शहराबाहेर अंधारात गाडी चालवताना प्राण्याला धडक बसली तर भरपाई नाही, असं कलम असतं. करार नीट वाचा. थोडक्यात, जिथे फोटो काढायचा तिथेच आदल्या रात्री झोपायचं.

जुलैत हे जमतं, कारण दिवसच तसा असतो. या पट्ट्यात सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. नऊ ते चार एवढाच वेळ चाकांना द्या. त्यात आरामात पाचशे किलोमीटर होतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात या हायवेवर वेगमर्यादा ताशी ११० आहे, नॉर्दर्न टेरिटरीत बऱ्याच भागात १३०. पण १३० ने जायची काही गरज नाही.

तुमच्या बारा दिवसांची मी अशी वाटणी करेन: फ्लिंडर्स रेंजेसमध्ये तीन रात्री, कूबर पीडीत दोन, वाटेतल्या मार्ला किंवा एर्लडंडाला एक, उलुरूजवळ युलाराला तीन, अ‍ॅलिसला दोन. अ‍ॅडलेड ते कूबर पीडी साडेआठशे किलोमीटर एका दिवसात कापलंत तर पहिली पहाट आणि पहिली संध्याकाळ दोन्ही गेल्या, आणि वाटेतलं माझ्या मते सर्वांत श्रीमंत ठिकाण मागे राहिलं.

ते ठिकाण म्हणजे फ्लिंडर्स. अ‍ॅडलेडहून विल्पेना पाउंड साधारण ४३० किलोमीटर. इथे पिवळ्या पायांची रॉक वॉलबी राहते. दिसायला कांगारूची छोटी बहीण, पण रंग असे की पहिल्यांदा पाहणारा गप्पच होतो: करडी पाठ, गालावर आणि कुशीवर पांढरा पट्टा, कान-पाय नारिंगी-पिवळे आणि शेपटीवर गोल कडी. कोल्हे आणि मोकाट बकऱ्या यांच्यामुळे ती इथून संपतच आली होती. १९९२ पासून या डोंगरांत कोल्हे-बकऱ्या कमी करण्याचं काम चिकाटीने चालू आहे आणि त्यामुळे ती सावरली. आज ब्राचिना गॉर्ज या घळीत ती दिसते, हे त्या कामाचं फळ आहे.

आता ती दिसायची कशी? ताडोब्यात चितळ ओरडतं, वानर खाकरतं, जिप्सीवाला कान टवकारतो. इथे तसं काही नाही. कुणी सांगणार नाही, जंगल ओरडणार नाही. थंडीच्या सकाळी ही वॉलबी ऊन खायला दगडांच्या उतरंडीवर येते, त्यामुळे पूर्वेकडे आणि उत्तरेकडे तोंड असलेले दगडांचे उतार शोधा. गॉर्जमधल्या रस्त्यावर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि आतच बसा. साडेआठ ते दहा. डोळ्यांनी प्राणी शोधू नका, शेपटीची कडी शोधा. अंग दगडात पूर्ण मिसळून जातं, पण लोंबणारी पट्टेदार शेपूट दगडासारखी दिसत नाही. एकदा मी पाऊण तास एका उतारावर नजर लावून बसले होते आणि काही नाही म्हणून किल्लीला हात लावला, तेव्हा समोरच्या दगडाने कान हलवला. मग लक्षात आलं, त्या उतारावर तीन होत्या. त्या सगळा वेळ तिथेच होत्या.

तुमची १५०-६०० इथे पुरते. ती खिडकीवर बीन बॅगेवर टेकवा. बीन बॅग मात्र पुण्याहून रिकामी आणा आणि इथे दुकानातून तांदूळ घेऊन भरा. धान्य, कडधान्य, बिया भरलेली पिशवी सामानात आणलीत तर विमानतळावर जैवसुरक्षेच्या तपासणीत ती जाहीर करावी लागेल, आणि बहुधा तिथेच ठेवून यावी लागेल. सह्याद्रीत वापरलेल्या बुटांची आणि ट्रायपॉडच्या पायांची माती घासून काढा, मगच बॅगेत भरा. ते तपासतात, आणि त्यांना तपासायचं कारणही आहे.

वॉलबी उन्हात असेल तर शटर १/५०० पुरे. सावलीत असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६००-३२०० करायला घाबरू नका, कण दिसले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. उड्या मारणाऱ्या कांगारूला मात्र १/१६०० किंवा जास्त द्या. आणि कुठल्याही कांगारू-वॉलबीच्या मागे चालत जाऊ नका. घाबरलेली मादी पळताना पिशवीतलं पिल्लू टाकून देऊ शकते. तिने मान वर करून तुमच्याकडे टक लावली, चरणं थांबवलं, की तुम्ही जवळ गेला आहात. तिथेच खाली बसा किंवा मागे फिरा.

फ्लिंडर्समध्ये जुलैत आणखी एक दृश्य मिळू शकतं, ते सोडू नका: इमूचा बाप आणि त्याची पट्टेरी पिल्लं. मादी अंडी घालून निघून जाते, नर जवळजवळ आठ आठवडे अंड्यांवर बसतो आणि नंतर पिल्लं सांभाळतो. हिवाळ्याच्या या दिवसांत पहिली पिल्लं बाहेर पडू लागतात. मोठ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो पिल्लांना न्याय देत नाही, म्हणून गाडीचं दार उघडून पायरीवर बसा आणि कॅमेरा गुडघ्याच्या खाली न्या. बापाचे फक्त पाय आले तरी चालेल.

निसर्गदृश्यांसाठी इथे बन्यरू व्हॅलीकडे उतरणारा वळणावळणाचा रस्ता आहे, रेझरबॅक लुकआउटवरून तो दिसतो. सगळे तोच काढतात आणि काढावाच. विल्पेनाजवळ एक जुना रिव्हर रेड गम वृक्ष आहे, छायाचित्रकार हॅरॉल्ड कॅझ्नो यांनी १९३७ मध्ये त्याचा फोटो काढला आणि आज तो वृक्ष त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिथे उभं राहून बघा, त्यांनी एका वृक्षातून किती सांगितलं ते. ब्राचिनाचा रस्ता कच्चा आहे. कोरड्या दिवसांत साधी गाडीही जाते, पण तुमच्या करारात कच्च्या रस्त्याची परवानगी आहे का ते बघा, आणि पाऊस झाला असेल तर जाऊच नका.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की जमीन सपाट होते आणि पुष्कळ फोटोग्राफर इथे निराश होतात. समोर काहीच नाही, असं वाटतं. मला उलट हाच भाग आवडायला लागलाय. पिंबाच्या पुढे हायवेलगत लेक हार्ट हे मिठाचं सरोवर आहे, त्याच्या कडेने रेल्वेचे रूळ जातात. तिथे थांबा. मिठाच्या पापुद्र्यावर बहुकोनी भेगा पडलेल्या असतात, २४ एमएमवर कॅमेरा पार खाली आणून त्यांना पुढे घ्या आणि क्षितिज फ्रेमच्या वरच्या टोकाला ढकला. सपाट जमिनीत क्षितिज मधोमध ठेवलं की फोटो दोन पट्ट्यांचा होतो. एक काहीतरी ठरवा, जमीन की आकाश. पाऊस चांगला झालेला असेल तर रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत स्टर्ट्स डेझर्ट पी फुललेली दिसेल, लालभडक पाकळ्या आणि मधे काळा गोळा. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं ते राज्यफूल. तोडू नका, वाकून फोटो घ्या.

हा हायवे वूमेरा या लष्करी चाचण्यांच्या प्रतिबंधित क्षेत्रातून जातो, म्हणून रस्ता सोडून आत वाटा फोडायच्या नाहीत. थांबायचं ते आखलेल्या जागीच. इथे ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे अनेक डबे जोडलेले ट्रक, धावतात, त्यांना थांबायला फार अंतर लागतं. डांबराच्या कडेला अर्धी गाडी ठेवून फोटो काढणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रायपॉड रस्त्याजवळ लावला असेल तर रोड ट्रेन येताना तो हाताने धरा, वाऱ्याचा झोत आडवा करतो. आणि ग्लेनडॅम्बोनंतर कूबर पीडीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही, टाकी आधी भरा.

याच टप्प्यात मेलेल्या कांगारूंवर वेज-टेल्ड ईगल बसलेले दिसतील. पंखांचा पसारा दोन मीटरांहून जास्त, आणि पोट भरलेला हा गरुड चटकन उडू शकत नाही. तो रस्त्यावर दिसला की दुरूनच वेग कमी करा, कारण मोठ्या गाड्या त्यांना अशाच मारतात. मागून काही येत नाही हे बघून पूर्ण बाजूला थांबा, खिडकीतूनच फोटो घ्या. वय वाढतं तसा हा गरुड काळा होत जातो, फिकट तपकिरी दिसला तर तरुण समजा. दुपारी बाराला दूरच्या गरुडावर ६०० एमएम लावून फोकस बसत नाही म्हणून लेन्सला दोष देऊ नका. थंड हवा आणि तापलेलं डांबर यांच्यामधली हवा थरथरते, ती कुठल्याच काचेने सरळ होत नाही.

कूबर पीडीत १९१५ पासून ओपल हे रत्न खणतात. गावाभोवती उघडे खड्डे इतके आहेत की तिथल्या पाट्यांवरच लिहिलंय: पळू नका, मागे चालू नका. फोटोग्राफरसाठी याहून महत्त्वाची पाटी मी पाहिलेली नाही. फ्रेममध्ये थोडं जास्त यावं म्हणून आपण सवयीने दोन पावलं मागे सरकतो. इथे डोळा कॅमेऱ्याला लावून एकही पाऊल टाकायचं नाही. खाणींच्या भागात अंधारात तर जायचंच नाही. गावाच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कांकू-ब्रेकअवेज आहे, पांढरे, पिवळे, तपकिरी सपाट माथ्यांचे डोंगर. दोन रात्री म्हणूनच सांगितल्या: एक संध्याकाळ तिथे जा आणि सूर्य टेकताच गावाकडे फिरा, तेही अगदी हळू. दुसरा दिवस डिंगोंना अडवणाऱ्या त्या ५,६०० किलोमीटर लांबीच्या कुंपणासाठी आणि जमिनीखालच्या घरांसाठी.

आता रंगाबद्दल. आपल्याकडचा जांभा जसा लोहामुळे लाल, तशीच ही माती. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हा लाल रंग चूक समजून काढून टाकतो आणि फोटो राखाडी-गुलाबी होतो. डेलाइटवर ठेवा आणि रॉ फाइलमध्ये काढा. दुसरं, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाशाचा आलेख, पांढरा न बघता तिन्ही रंगांचा वेगळा बघा. संध्याकाळी लाल चॅनल आधी जळतो, आणि एकत्रित आलेख म्हणतो सगळं ठीक आहे. मी प्रकाश साधारण अर्धा स्टॉप कमी देते. पोलरायझर फिल्टर मी इथे फारसा लावत नाही. हिवाळी आकाश मुळातच गडद असतं आणि वाइडवर ते एका कोपऱ्यात काळं पडतं.

पुण्यात जुलैत सूर्य दुपारी डोक्यावर असतो, अर्थात ढगांमागे. इथे तो उत्तरेला असतो आणि दुपारीही क्षितिजापासून चाळीसेक अंशांवरच. म्हणजे तिरपा प्रकाश जवळजवळ दिवसभर मिळतो. त्याची दुसरी बाजू अशी की दक्षिणेकडचे कडे दिवसभर सावलीत राहतात. उलुरूची दक्षिण बाजू, मुटिट्जुलू पाणवठ्याकडची, जुलैत मऊ सावलीतच काढायची आहे असं धरून जा.

उलुरूबद्दल एक गोष्ट आधी. हा खडक इथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचा आहे, १९८५ मध्ये तो त्यांना परत मिळाला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद आहे. पायथ्याच्या वाटेवर काही ठिकाणी फोटो काढू नये अशा पाट्या आहेत. तिथल्या खडकाच्या खाचाखुणा त्यांच्यासाठी धर्मग्रंथासारख्या आहेत, त्या जागेवर उभं राहूनच पाहायच्या असतात. आपण गाभाऱ्यात कॅमेरा बाहेर काढत नाही, तेच इथे. दुरून टेली लेन्स लावून तोच भाग वेगळा काढणंही नको. ड्रोनला परवानगी नाही, आणि फोटो विकायचे असतील तर वेगळा परवाना लागतो. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

सूर्यास्ताच्या जागी गर्दी असते, रंग चढतो, उतरतो आणि सूर्य बुडताच लोक गाड्या सुरू करतात. तुम्ही थांबा. तुमचं तोंड पूर्वेला आहे. दहा-पंधरा मिनिटांत उलुरूच्या मागे क्षितिजावरून निळसर पट्टा वर येतो, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. खडक तेव्हा विझल्यासारखा वाटतो, पण १०५ एमएमवर, ट्रायपॉडवर, दोन-तीन सेकंदांत तो जांभळट तांबडा उमटतो. माझा सगळ्यात आवडता उलुरू तोच आहे. सूर्योदयाला तालिंगुरू न्याकुन्यट्जाकूवर जा, तिथून उलुरू आणि काटा ट्जुटाचे घुमटासारखे खडक एका चौकटीत येतात, आणि जुलैत ऊन बाजूने येत असल्याने खडकाच्या घड्या उठून दिसतात. काटा ट्जुटाचे ३६ घुमट मात्र दुरून टेलीने, डेझर्ट ओकच्या झाडांमागे दाबून काढा. निसर्गदृश्य म्हणजे वाइड, हा समज इथे सुटतो.

सरडे-घोरपडी या सहलीत विसरा. थॉर्नी डेव्हिल आणि पेरेंटी थंडीत जमिनीखाली दडलेले असतात. त्यांच्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावं लागेल. झेब्रा फिंच ही चिमुकली पाखरं मात्र सगळीकडे. त्यांचा थवा वारंवार एकाच दिशेने खाली उतरताना दिसला तर तिकडे पाणी आहे, आणि पाण्याजवळ शांत बसलात तर बाकीचे आपोआप येतील.

तारे. घरच्या कालनिर्णयात जुलैतली अमावास्या बघा आणि तिच्या आधीचे आठ-नऊ दिवस या रस्त्यावर राहतील अशा तारखा घ्या. त्या रात्रींना पहिल्या प्रहरी चंद्र नसतो. आकाशगंगेचा मध्यभाग आपल्या महाराष्ट्रातून दक्षिणेला मध्यम उंचीवर दिसतो. कूबर पीडीच्या अक्षांशावर तो रात्री दहा-अकराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. पाहायला अपूर्व, पण फोटोत जमीन आणि तो एकत्र बसत नाहीत. म्हणून सात-आठला, तो पूर्वेकडून चढत असताना, काढा. २४ एमएम, एफ/४, पंधरा सेकंद, आयएसओ ६४०० चालून जाईल. तुमच्या प्रश्नातल्या तिसऱ्या लेन्सचं उत्तर इथेच आहे. कुणाकडून १४ एमएम, एफ/२.८ उसनी मिळाली तर ताऱ्यांसाठी आणा, विकत घेऊ नका. उलुरूचं पार्क रात्री बंद होतं, त्यामुळे तारे विल्पेनाच्या मुक्कामी काढा. दक्षिण क्रूस या तारकासमूहाजवळचा काळा डाग शोधा. इथल्या अनेक आदिवासी समाजांसाठी ते इमूचं डोकं आहे आणि त्याची मान आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यातून खाली उतरते. एकदा दिसला की प्रत्येक फोटोत इमू दिसतो.

रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. बॅटऱ्या खिशात, अंगाशी ठेवा. गार कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बॅगेत बंद करून तासभर तसाच राहू द्या. लेन्स बदलायची तर गाडीच्या आत, एसी आणि पंखा बंद करून. शक्यतो दिवसभरात बदलूच नका, मुलीकडून दुसरी कॅमेरा बॉडी मागून घ्या.

अ‍ॅलिसला पोचल्यावर एक दुपार अल्बर्ट नमतजिरा यांची जलरंगातली चित्रं बघण्यात घालवा. १९०२ ते १९५९ हा त्यांचा काळ, पश्चिम अरांडा समाजातले, याच डोंगरांत वाढलेले. पांढरी घोस्ट गम झाडं आणि मागे निळे-जांभळे डोंगर पाहून वाटतं रंग वाढवलेत. मग संध्याकाळी चारला गावापासून अठरा किलोमीटरवरच्या सिम्पसन्स गॅपला जा. कोरड्या नदीपात्राच्या वाळूत बसा, उजवीकडच्या दगडांच्या ढिगावर काळ्या पायांच्या रॉक वॉलबी उतरायला लागतील. सावलीतला डोंगर कॅमेऱ्यात डेलाइटवर बघा, तो निळा-जांभळाच येतो. तेव्हा पुण्याला जाऊन एडिटिंगमध्ये तो करडा करू नका.